ज्याला झोप येत नाही

मेडशी,
२८ जानेवारी २०२५

तनवीर,

तुझा नंबर मी माझ्या फोनवर बंद केला आहे. वारंवार लावू नकोस. हे पत्र खेमाच्या हाती देतो. मी पोस्टमन नाही, असं तो म्हणाला. पण नेईल.

आज कारखान्याचा कागद आला, चौकशीचा. माझ्यावर आरोप असे : तिसऱ्या पाळीत ड्यूटीवर झोपलो. बॉयलरमधलं पाणी मापाच्या काचेच्या खाली गेलं तरी पंप चालू केला नाही. त्यामुळे शिशाचा प्लग वितळला, वाफ भट्टीत घुसली आणि भट्टीच्या दारासमोर उभा असलेला आगवाला जगदेव भाजला. हे सगळं खरं आहे. मी कुठे नाही म्हणालो?

पण त्याखाली आणखी एक ओळ आहे. जशीच्या तशी लिहितो. ‘सहकारी बॉयलर अटेंडंट तनवीर सैफुद्दीन यांच्या म्हणण्यानुसार त्यांना रात्रपाळीत झोप येत नाही. सबब रात्रपाळीत झोप लागणे हा पाळीचा दोष नसून कामगाराचा निष्काळजीपणा आहे.’

हे तू म्हणालास?

तू, ज्याने माझी प्रत्येक रात्रपाळी केली. मी तुझी प्रत्येक सकाळ केली. इतकी वर्षं रजिस्टरवर पाळ्या फिरत होत्या, माणसं फिरत नव्हती. पहिली पाळी मी, तिसरी तू, आणि ज्याला कुठलीही पाळी चालते तो खेमा मधल्या पाळीला. बाबूलाल फोरमन काय म्हणायचे, आठवतं? ‘कोन कवा येते ते मले सांगू नका. काचेत पाणी अर्ध्यावर पायजे, बस.’ पाणी अर्ध्यावर होतं. एक रात्रही खाली गेलं नाही.

दिवाळीनंतर बाबूलाल रिटायर झाले, नवे साहेब आले, हजेरीला अंगठ्याचं मशीन लागलं. मग रजिस्टरसारखी माणसंही फिरायला लागली. दर सोमवारी नवी पाळी. मी साहेबांना एकदा सांगून पाहिलं की मला रात्री जमत नाही. ते म्हणाले, ‘तनवीर को जमता है, खेमा को जमता है, तुम क्या राजा हो?’

आता त्यांच्या हातात तुझी ओळ आहे. चौकशीत दोषी ठरलो तर माझं प्रमाणपत्र रद्द करावं, असं ते वर लिहिणार आहेत. प्रमाणपत्र गेलं की मी बॉयलरला हात लावू शकत नाही. इथे नाही, कुठेच नाही. मला दुसरं काही येत नाही, हे तुला माहीत आहे.

तुला रात्री झोप येत नाही. अभिनंदन.

हरीओम



शिरपूर जैन,
३१ जानेवारी

हरी,

तू मला अभिनंदन पाठवतोस. बरं. मीही काही पाठवतो, वाच.

कागदातली ओळ अर्धी आहे. साहेबांनी मला बोलावलं, क्लार्क लिहायला बसला होता. मी म्हणालो, ‘साहेब, मले रातच्याले झोप येतच नाही. अल्लानं तसाच बनवला. त्याले कायले रात्री बसवता? माह्याच अंगावर टाका न सगळ्या रात्री. तो सकाळचा मानूस हाये, मध्यरातीले त्याचा जीव नसते अंगात.’ साहेबांनी हात वर केला. क्लार्कला म्हणाले, ‘बस. झोप येत नाही, इतना लिखो.’ मी म्हणालो, पुढचंही लिहा. ते म्हणाले, ‘सबको बराबर काम, सबको बराबर पाळी। इसमें किसी पर अन्याय नहीं।’ मी सही केली नाही. सही न करता त्यांनी ती ओळ वापरली.

आता तू सांग. तू मला विचारलंस का? नाही. नंबर बंद केलास. एका कागदावर माझं नाव दिसलं आणि सगळं विसरलास. माझ्या वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला आलास, साडेआठला बिर्याणीच्या डेगीला टेकून झोपलास. लोक म्हणाले, हा कोण दारू पिऊन आला? अब्बांनी सगळ्यांना सांगितलं, ‘हरी आहे तो, त्याले उठवू नका, पहाटे उठून तोच भांडी घासेल.’ आणि घासलीस. तुझी झोप माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याविरुद्ध मी साक्ष देईन?

तुला घरी बसवल्यापासून तिसऱ्या पाळीला अकोल्याहून माणूस आणला आहे. मी रात्र मागितली होती. साहेबांनी मला पहिली पाळी दिली, पुढच्या आठवड्यातही पहिलीच. म्हणाले, आदत पड़ जाएगी. सहाला अंगठा लावायचा. चाललं आहे. हनुवटीला थोडं कापलं आहे, दाढी करताना. बाकी ठीक.

साहेब पहाटे पाचला फिरायला जातात म्हणे, रोज. तू आणि तो दोघेही पहाटे उठता. फरक एवढाच, त्याने एकही तिसरी पाळी केलेली नाही.

चौकशीला कुणी लागत असेल तर मी येतो. मागायची गरज नाही. पण मागशील तर बरं वाटेल.

तनवीर



मेडशी,
४ फेब्रुवारी

तनवीर,

मागतो.

चौकशी दहा तारखेला, सोमवारी, सकाळी सात वाजता, कारखान्याच्या ऑफिसात. अकोल्याचे एक वकील चौकशी अधिकारी आहेत. माझ्या बाजूने एक कामगार बोलू शकतो. खेमाला विचारलं, तो म्हणाला, ‘मले तं कवाबी झोप येते न कवाबी जाग येते, मी काय सांगू?’ त्याचं म्हणणं बरोबर आहे. तो बोलला तर माझं नुकसानच होईल.

तू ये. तिथे अर्धी ओळ पूर्ण कर. एवढंच काम आहे. तू तसं बोललास तर वकिलाला तरी कळेल की इतकी वर्षं काच का भरलेली होती.

परवा अकोल्याच्या दवाखान्यात जाऊन जगदेवला पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले आहेत. त्याची बायको कस्तुराबाई त्याला चमच्याने वरण-भात भरवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. जगदेव म्हणाला, ‘पाणी कमी झालं तसा भोंगा वाजला. म्या तुले आवाज देल्ला. मंग खांदे धरून हालवलं. तू डोये उघडले न पुन्हा लावले. म्हनून मीच भट्टीतली आग भाईर ओढाले गेलो.’

मला भोंगा ऐकू आला नाही, तनवीर. तो भोंगा बॉयलरच्या खोलीत माझ्या डोक्यावर आहे. मला हलवलेलंही आठवत नाही. चौथी रात्र होती. दिवसा घरी पत्र्याखाली पडून राहायचो, डोळे उघडे. जेवण जात नव्हतं. आई म्हणाली, देवाले नारळ फोड. आणि मग त्या खुर्चीवर दगड झालो.

बाबा कुणाशी बोलत नाहीत. ते आयुष्यभर साडेतीनला उठले, मीही उठलो, कुणी उठवावं लागलं नाही. पारावर लोक विचारतात, शालिग्राम, तुहा पोरगा ड्यूटीवर झोपला म्हणे? बाबांनी काल मला एवढंच विचारलं, ‘आपल्या घरात झोपाळू कोन होतं रे?’ मी काय सांगू? सगळ्यात लवकर उठणारं घर आहे, म्हणूनच हे झालं, हे त्यांना कसं सांगू? मला स्वतःलाही ते निमित्तासारखं वाटतं.

सात म्हणजे सात. वकील अकोल्याहून येणार, थांबणार नाहीत.

हरीओम



शिरपूर जैन,
६ फेब्रुवारी

हरी,

येतो. सात म्हणजे सात. रविवारी सुट्टी आहे, सोमवारी माझी दुसरी पाळी. रात्रभर जागाच राहतो आणि तसाच निघतो. तेवढं एक मला जमतं.

तनवीर



मेडशी,
१० फेब्रुवारी, संध्याकाळ

तनवीर,

मी पाचपासून गेटवर उभा होतो. वॉचमनने शेगडीजवळ बसवलं. मेडशीहून येणारं प्रत्येक वाहन मी सोडून दिलं आणि शिरपूरकडून येणारं प्रत्येक वाहन पाहिलं. दुधाची गाडी आली. शाळेची आली. तू आला नाहीस.

साडेसातला आत बोलावलं. वकिलांनी विचारलं, साक्षीदार कुठे? मी म्हणालो, येतो आहे. साहेब हसले. म्हणाले, ‘सो गया होगा।’ सगळे हसले. क्लार्कही हसला, जो माझ्याबरोबर जेवायला बसतो.

मी फोन लावला. स्वतः नंबर चालू करून लावला. वाजत राहिला. पाच वेळा. आता पुन्हा बंद केला आहे.

वकिलांनी एक शेवटची तारीख दिली. चोवीस फेब्रुवारी, सकाळी सात. म्हणाले, साक्षीदार असो की नसो, त्या दिवशी संपवणार. साहेब म्हणाले, ज्याला यायचं तो येतो, बाकी सगळी निमित्तं आहेत. मला पहिल्यांदा वाटलं की तो माणूस बरोबर बोलतो आहे.

जगदेवने दोन हात जाळून घेतले, पण मला हाक मारली. तुला एक रात्र जागं राहून पाच कोस यायचं होतं. रात्री जागतो म्हणून सगळ्या गावात मिरवणारा तू. ष्टँडावर अब्बांच्या हॉटेलात रात्री दोनपर्यंत गप्पा मारायला जागतोस. ईदच्या खरेदीला जागतोस. माझ्यासाठी नाही जमलं. तुम्हां बाजारातल्या लोकांना सकाळ म्हणजे काय हे कधी कळलंच नाही. ऊन अंगावर आल्याशिवाय उठायचं नाही, आणि नाव मात्र अल्लाचं. अल्लाने तसं बनवलं म्हणे. आळशी लोकांना आळशी म्हटलेलं सहन होत नाही, एवढंच.

की साहेबांनी तुला कायमच्या रात्री दिल्या? खरं सांग. दिल्या असतील तर मला समजेल. निदान काहीतरी मिळवण्यासाठी गेलास असं तरी म्हणता येईल.

चोवीसला येऊ नकोस.

हरीओम



शिरपूर जैन,
१२ फेब्रुवारी

हरीभाऊ,

मी अनिसा लिहिते आहे. तुमचं पत्र खेमाने सकाळी दिलं. ते झोपले होते, म्हणून मी घेतलं आणि वाचलं. त्यांना दिलेलं नाही. देणार होते, पण त्यातलं बाजारातल्या लोकांचं वाचलं आणि थांबले. तुम्ही माझ्या घरी जेवला आहात. आधी मी बोलते, मग त्यांना देईन.

रविवारी रात्री काय झालं ते सांगते. ते जागे राहिले. मी लहानग्या इफ्राला घेऊन झोपले तेव्हा जागे होते, मधे पाणी प्यायला उठले तेव्हा जागे होते, गाडी पुसत होते. अंगात स्वेटर, खिशात चावी. पाचला मी उठले तर ओट्यावर बसून होते. चहा दिला. म्हणाले, ‘निघतोच आता.’ चपला घातल्या. मला नळावर जायचं होतं, नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा जावंच लागतं. मी आले तेव्हा गाडी दारातच. ते खाटेवर आडवे. चपला पायात, चावी मुठीत. कप भरलेला तसाच.

तुम्हाला वाटतं मी उठवलं नाही? हलवलं. पाणी मारलं. उठून बसले, ‘चाललो’ म्हणाले, उभे राहिले, भिंतीला डोकं टेकलं आणि तसेच खाली बसले. अब्बांनी आवाज दिला, त्यांच्या अब्बांनी, ज्यांना ते कधी दुसऱ्यांदा बोलू देत नाहीत. उठले नाहीत. फोन वाजत होता, उशाला. मी उचलला नाही, कारण तुम्हाला काय सांगणार होते? मग मीच म्हटलं, पडू द्या. आता पाठवलं तर रस्त्यात मरतील. हो, मी थांबवलं. राग करायचा तर माझा करा.

कारण रस्त्यात एकदा झालं आहे. हनुवटी दाढी करताना कापली असं त्यांनी तुम्हाला लिहिलं ना? मला म्हणाले, हरीला सांगू नको, त्याचं आधीच जड आहे. पहिल्या पाळीला जाताना गाडीवर झोपले. जऊळक्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी सरळ गेली, तुरीच्या वावरात. तुरी कापून झाल्या होत्या, खुंट उभे होते. टाके पडले आहेत. तसेच उठून कारखान्यात गेले, मशीनवर उशिराचा लाल अंगठा लागला, अर्ध्या दिवसाचा पगार गेला, आणि रक्ताचा रुमाल हनुवटीला धरून त्यांनी काच पाहिली. आठवडाभर असंच. घरी आल्यावर झोपायचं तर झोप नाही, अंधार पडला की डोळे टक्क उघडे. इफ्राला ओरडतात. कधी ओरडत नव्हते.

त्यांना कायमच्या रात्री वगैरे काही मिळालेल्या नाहीत. साहेबांनी पहिली पाळीच दिली, मुद्दाम. सवय लागावी म्हणून.

आता मला सांगा. भोंगा डोक्यावर वाजला आणि तुम्हाला ऐकू आला नाही, तेव्हा साहेब तुम्हाला काय म्हणाले? झोपाळू. निष्काळजी. निमित्तं सांगतो. तुम्ही त्या शब्दांनी आतून जळत आहात, हे मला त्यांनी सांगितलं. आणि सोमवारी संध्याकाळी बसून तुम्ही तेच शब्द लिहिले, त्याच माणसाला, ज्याने तुमच्या सगळ्या रात्री काढल्या. तुमच्यात आणि त्या साहेबात फरक काय राहिला? दोघेही पहाटे उठता आणि जो उठत नाही त्याला नावं ठेवता.

तुम्ही लवकर उठता म्हणून लोक तुम्हाला मेहनती म्हणतात. ते रात्रभर भट्टीजवळ उभे राहिले आणि दिवसा झोपले, म्हणून गल्लीत त्यांना रिकामटेकडा म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणायची. मी हे सगळं आयुष्यभर ऐकलं. तुमच्याकडून ऐकायचं नव्हतं.

आज रात्री पाळीवरून आले की तुमचं पत्र त्यांना देते. चोवीसला यायचं की नाही, ते ठरवतील.

अनिसा



मेडशी,
१६ फेब्रुवारी

तनवीर,

भाभींना काय लिहावं ते सुचत नाही. चार वेळा लिहून फाडलं. त्यांना सांग, वाचलं. प्रत्येक शब्द वाचला.

काल कारखान्यात गेलो. साहेबांना अर्ज दिला की चौकशी दुपारी चारला ठेवा. कारण लिहिलं : आरोपी रात्री नऊनंतर आणि साक्षीदार सकाळी दहाच्या आधी शुद्धीवर नसतो, चारला दोघेही असतात. साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला. ऑफिस हसलं. मग म्हणाले, ‘टाइम सबके लिए एक है।’ अर्ज माझ्याच हातात परत दिला.

ते हसत होते तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होतो. सकाळी आठला स्वच्छ, ताजे. तसेच माझे असतात. त्या माणसाला कधीच काही सहन करावं लागलेलं नाही, आणि ते तो स्वतःची करणी समजतो. मीही समजत होतो. सगळा राग त्याचा होता, आणि तो मी तुझ्यावर काढला.

वेळ बदलली नाही. सातच. तू येऊ नकोस असं मी लिहिलं होतं, ते आता दुसऱ्या कारणासाठी पुन्हा लिहितो. त्या वळणावरून पहाटे गाडी घेऊन येऊ नकोस. मी एकटा जाईन.

हरीओम



शिरपूर जैन,
२० फेब्रुवारी

हरी,

तुझं आधीचं पत्र दोनदा वाचलं. बाजारातल्या लोकांचं जे लिहिलंस ते मी विसरणार नाही. तू माफी मागितली नाहीस, ते बरं केलंस. मागितली असतीस तर मला माफ करावं लागलं असतं. सध्या मला चिडलेलं राहू दे. उपयोग आहे त्याचा.

मी येणार. कसं ते ऐक.

सकाळी उठून येणं मला जमत नाही. पहाटे निघणंही जमत नाही, तिथेच डोळा लागतो. पण रात्री दहाला मी गाडी सुईतून ओवून नेईन. म्हणून रविवारी रात्रीच येतो. गेटसमोर चहाच्या टपरीचा बाक आहे, त्यावर बसतो. चारपर्यंत मला काही होणार नाही. साडेतीनला तू उठतोस. सरळ ये. तिथून पुढे मला जागं ठेवणं तुझं काम. जशी बॉयलरची पाळी बदलायचो तशी बदलू. मी तुला चार्ज देईन, मीच चार्ज.

चालव मला. थोबाडीत मार. तुझ्या बाबांच्या गोष्टी सांग, त्या ऐकून रागाने जाग येईल. सातला मला दारातून आत ढकल. उभा राहून अर्धी ओळ पूर्ण करेपर्यंत मला जागं ठेव, बस. नंतर माझं काय होईल ते होवो.

अनिसा म्हणते, टपरीवर थंडी असेल, हरीभाऊंसाठी घरची शाल घेऊन जा. म्हणजे तिचा राग थोडा उतरला आहे. फार नाही.

तनवीर



मेडशी,
२४ फेब्रुवारी, दुपार

तनवीर,

तू आता घरी झोपला असशील. काय काय झालं त्यातलं निम्मं तुला माहीत नाही, कारण तू तिथे असूनही नव्हतास. म्हणून लिहितो. खेमा संध्याकाळी शिरपूरला जाणार आहे. आता तो स्वतःच विचारतो, चिठ्ठी हाये का.

चारला आलो तेव्हा तू बाकावर ताठ बसलेला होतास आणि वॉचमनला पत्ते शिकवत होतास. मला पाहून म्हणालास, ‘घे चार्ज. पाणी अर्ध्यावर हाये.’ मग पाचच्या सुमाराला तुझी जीभ जड झाली. रस्त्यावरून तुला फिरवलं. टाकीवर तोंड धुवायला लावलं. बाबांच्या गोष्टी सांगितल्या, तू शिव्या दिल्यास, मलाही आणि त्यांनाही. सहाला तुझे पाय वाकडे पडायला लागले, तेव्हा तू माझा खांदा धरलास. माझ्या खांद्याला अजून बोटांची खूण आहे.

आत तू चांगलं बोललास. तेवढं तुला आठवत असेल. इतक्या वर्षांची अदलाबदल, बाबूलाल फोरमनचं म्हणणं, कापलेली ओळ, तुरीचं वावर, सगळं. वकिलांनी सगळं हाताने लिहून घेतलं. साहेब म्हणाले, अदलाबदल हाच नियमभंग आहे, याच्यावरही कारवाई होईल. तू म्हणालास, करा. मग तुला बसायला खुर्ची दिली. ती चूक त्यांचीच.

साहेब बोलायला लागले. कामगारांनी सवय लावून घ्यावी लागते, इच्छा असली की शरीर ऐकतं, त्यांनी स्वतः कसं शरीर कमावलं, ते चालू होतं. आठला थोडा वेळ होता. तुझी मान हळूहळू खाली गेली. कपाळ टेबलावर टेकलं. हात लोंबला.

साहेब थांबले. म्हणाले, ‘देखिए वकील साहब। ये इनके गवाह हैं।’

आपलं ठरलं होतं, तुला जागं ठेवायचं. माझा हात तुझ्या पाठीवरच होता. मी तो काढून घेतला.

मी म्हणालो, ‘वकील साहेब, हे लिहा.’

‘काय लिहू?’

‘साक्षीदार झोपला. त्याचं नाव लिहा. कागदात ज्याच्या नावावर झोप येत नाही असं लिहिलंय, तोच हा. आणि किती वाजले ते लिहा.’

वकिलांनी कागद उलटे केले. साहेबांच्या आरोपपत्रातली ती ओळ शोधली, बोट ठेवून वाचली. मग तुझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि लिहिलं.

साहेब शिपायाला म्हणाले, ‘उठाओ उसको।’ शिपायाने हलवलं. साहेबांनी स्वतः उठून आवाज दिला, ‘ए तनवीर, तनवीर.’ तू डोळे उघडलेस. त्यांच्याकडे पाहिलंस. आणि पुन्हा लावलेस. जगदेवने अकोल्याला मला जे सांगितलं होतं, तेच मी समोर पाहत होतो. मला तेव्हापर्यंत जगदेववर पूर्ण विश्वास बसला नव्हता. माणूस असा डोळे उघडून परत जाऊ शकतो, असं वाटत नव्हतं.

तेवढ्यात जनरल पाळीचा आठचा भोंगा झाला. ऑफिसच्या पत्र्यावरच आहे तो. टेबलावरचे कप थरथरले. वकिलांनी कानावर हात ठेवले. तू हललासुद्धा नाहीस.

भोंगा थांबल्यावर मी म्हणालो, ‘बॉयलरवरचा याच्यापेक्षा लहान आहे.’

क्लार्क हसला नाही या वेळी.

वकिलांनी साहेबांना विचारलं, ‘मशीन लागण्याआधी रात्री कोण असायचं आणि पाणी किती वेळा खाली गेलं?’ साहेब म्हणाले, त्याचा इथे संबंध नाही. वकील म्हणाले, ‘मी विचारतो आहे.’ जुनी रजिस्टरं मागवली आहेत, बाबूलाल फोरमनना आणि जगदेवला बोलावणार आहेत. माझ्या प्रमाणपत्राबद्दल त्याआधी वर काही लिहायचं नाही, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. पुढची तारीख दुपारची ठेवली आहे. ती त्यांनी स्वतःच ठेवली, मी मागितली नाही.

निकाल काय लागेल, माहीत नाही. जगदेवच्या हातांचं जे आहे ते माझंच आहे, ते कुठल्या तारखेला सुटणार नाही. साहेब निघताना म्हणाले, पाळ्या बदलणार नाहीत, हे लक्षात ठेव. मी म्हणालो, लक्षात आहे. पहिल्यांदाच मला त्यांच्यापुढे मान खाली घालावीशी वाटली नाही. फार राग होता. अजून आहे. चांगला वाटतो आहे, कारण आता तो योग्य माणसावर आहे.

तुला खेमाने आणि मी गाडीवर मधे बसवून घरी पोचवलं. भाभींनी दार उघडलं, तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘शाल कुठे आहे?’ ती टपरीच्या बाकावर राहिली. उद्या आणून देतो.

तुझा नंबर चालू केला आहे. सकाळी दहाच्या आधी मी लावणार नाही. रात्री आठनंतर तू लावू नकोस.

हरीओम